वॉर्डातला गप्प पेशंट: कॅटाटोनिया ओळखायचा कसा आणि उपचार कुठून सुरू करायचे

वॉर्डात जो पेशंट ओरडतो, पळतो, खिडकीची जाळी हलवतो त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. सिस्टर धावतात, ब्रदर धावतात, ऑन कॉल डॉक्टरला फोन जातो. आणि कोपऱ्यातल्या कॉटवर जो सकाळपासून एकाच कुशीवर पडलाय, डोळे टक्क उघडे, जेवणाचं ताट तसंच झाकलेलं, त्याच्याबद्दल ड्युटी बदलताना एवढंच सांगितलं जातं की शांत आहे, काही त्रास नाही. सायकियाट्रीत नव्याने आलेल्या रेसिडेंटना, इंटर्नना आणि नर्सिंगच्या मुलामुलींना मला सगळ्यात आधी हेच सांगायचंय की त्या शांत पेशंटकडे आधी जा, कारण तो कॅटाटोनियात असेल तर वॉर्डातला सगळ्यात जास्त धोक्यात असलेला माणूस तोच आहे, आणि वेळेत ओळखला तर सगळ्यात लवकर बरा होऊ शकणाराही तोच.

नातेवाईकांनीही हे वाचायला हरकत नाही, फक्त औषधांचे डोस दिलेत ते दवाखान्यात, देखरेखीखाली द्यायचे आहेत, घरी प्रयोग करायला नाहीत. नवीन डॉक्टरांनीही पहिल्या काही वेळेला सीनियरला विचारूनच करा.

हे नेमकं आहे काय

कॅटाटोनिया म्हणजे माणसाची हालचाल, बोलणं आणि आजूबाजूला प्रतिसाद देणं हे सगळंच बिघडतं. कोणी थिजून जातो, कोणी दिलेल्या पोझमध्ये तासन्‌तास राहतो, कोणी काहीही सांगितलं की विरोध करतो, कोणी समोरच्याचंच बोलणं पोपटासारखं परत म्हणतो, आणि काहीजण उलट कारण नसताना प्रचंड उसळतात. जर्मनीतल्या गोरलिट्झ गावातल्या कार्ल काहलबाउम या डॉक्टरने १८७४ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. पुढे क्रेपेलिन आणि ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला स्किझोफ्रेनियाच्या खात्यात टाकलं आणि मग जवळपास शंभर वर्षं सगळे असंच धरून चालले की कॅटाटोनिया दिसला म्हणजे स्किझोफ्रेनिया. हा इतिहास सांगतोय कारण त्याचा त्रास पेशंट आजही भोगतात. थिजलेला पेशंट आला, स्किझोफ्रेनिया असणार, द्या हॅलोपेरिडॉल हे स्किझोफ्रेनियाचं जुनं औषध, हा विचार इतका मुरलेला आहे की हात आपोआप त्या इंजेक्शनकडे जातो आणि नेमकं तेच या अवस्थेत घातक ठरू शकतं.

खरं तर कॅटाटोनिया डिप्रेशन आणि बायपोलरमध्ये खूप दिसतो. ऑटिझम असलेल्या किशोरवयीन मुलांत दिसतो, बाळंतपणानंतर दिसतो, आणि मेंदूज्वर, टायफॉइड, मलेरिया, ल्युपस, बी१२ ची कमतरता, सोडियम कमी होणं, विल्सनचा आजार अशा शारीरिक कारणांनीही होतो. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी होतो, क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध अचानक थांबवलं तरी होतो. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, त्याला स्किझोफ्रेनियाचा उपप्रकार म्हणणं बंद झालं आणि आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत, तर त्याला स्वतःचं वेगळं स्थान आहे. तेव्हा डोक्यात हे पक्कं करा की कॅटाटोनिया ही अवस्था आहे, तिच्यामागचं कारण वेगळं शोधायचंय, पण अवस्थेवर उपचार लगेच सुरू करायचेत, कारण सापडायची वाट बघत बसायचं नाही.

पहिलं काम: सोबत आलेल्यांकडून माहिती

पेशंट बोलत नाही, त्यामुळे सगळी मदार नातेवाईकांवर. ते कॅटाटोनिया म्हणणार नाहीत. ते म्हणतील, "चार दिवस झाले तोंडात पाण्याचा थेंब नाही", "हाक मारली तर बघते पण बोलत नाही", "उभा केला तर उभाच राहतो", "कपड्यातच होतं सगळं". बऱ्याचदा आधी भगताकडे, दर्ग्यात, देवळात जाऊन आलेले असतात, हातात गंडा असतो, कपाळाला अंगारा असतो. त्यावरून त्यांना एक शब्दही बोलू नका. ते घाबरलेत, जे माहीत होतं ते करून आलेत, आणि आत्ता तुमच्याकडे आलेत हे महत्त्वाचं. बाहेरची बाधा आहे का असं विचारलं तर शांतपणे सांगा की हा मेंदूचा आजार आहे, याला औषध आहे आणि त्याचा उपयोग बऱ्याचदा लवकर दिसतो.

मग विचारायचं काय? सुरुवात कधी झाली, एकदम की हळूहळू. त्याआधी ताप, फिट, डोकेदुखी, डोक्याला मार? बाळंतपण? त्याआधी काही आठवडे उदास होता का, की झोप न घेता फार बडबड, फार खर्च करत होता? असं पूर्वी झालं होतं का आणि तेव्हा कशाने बरं वाटलं? कुठली औषधं चालू होती, कुठली बंद केली, आणि गावातल्या दवाखान्यात कुठलं इंजेक्शन दिलं का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण आधी आरडाओरडा करत होता म्हणून इंजेक्शन दिलं आणि नंतर लाकडासारखा झाला, अशी हकीकत असेल तर तुम्ही वेगळ्याच आणि जास्त गंभीर रस्त्यावर आहात. नावं माहीत नसतील तर गोळ्यांची रिकामी पाकिटं घरून मागवा, फोटो पाठवायला सांगा. शेवटची लघवी कधी झाली आणि शेवटचं पाणी कधी प्यायला हेही विचारा.

दुसरं काम: तपासणी, आणि ती घाईत होत नाही

यासाठी बुश-फ्रान्सिस नावाचं स्केल आहे, १९९६ पासून वापरात आहे. २३ लक्षणं, त्यातली पहिली १४ स्क्रीनिंगसाठी. या चौदातली दोन किंवा जास्त लक्षणं २४ तास किंवा जास्त असतील तर कॅटाटोनिया समजून पुढे जायचं. डीएसएम-५ ला बारापैकी तीन लागतात. स्केलची प्रिंट वॉर्डात चिकटवून ठेवा, पाठ करायची गरज नाही, हाताने चार पेशंट तपासले की आपोआप बसतं.

आधी दारातूनच दोन मिनिटं नुसतं बघा. हालचाल किती आहे, पापणी किती वेळाने लवते, एकाच जागी बघतोय का, तोंड वेडंवाकडं करतोय का, डोकं उशीला न टेकता हवेत धरलंय का. हे डोकं हवेत धरणं पटकन नजरेत भरत नाही, पण एकदा बघितलं की विसरत नाही. मान दुखायला पाहिजे एवढा वेळ झालेला असतो आणि चेहऱ्यावर काहीच नसतं.

मग जवळ जाऊन नाव सांगा, काका, ताई, आजी जे काय असेल ते म्हणून बोलायला सुरुवात करा, तुमचं नाव काय, कुठून आलात. उत्तर येणार नाही असं धरूनही पूर्ण वाक्यं बोला. बोलता बोलता मधेच स्वतःचं डोकं जरा जास्तच खाजवा. तो तसंच करतो का बघा. तुमचाच प्रश्न तो परत म्हणतो का, तुमचं नाव काय विचारलं तर तुमचं नाव काय असंच येतं का, तेही बघा.

आता हात. आधी सांगा की मी हात तपासतोय, सैल सोडा. मग हात कोपरातून हलवा, कधी हळू कधी जोरात. थोडा विरोध होऊन मग हात मेणासारखा वळत जातो का? वर नेऊन सोडला तर तिथेच राहतो का? किमान मिनिटभर थांबून बघा, लोक पाच सेकंद बघून हात खाली घेतात आणि निगेटिव्ह लिहितात. तुम्ही जेवढ्या जोराने ओढता तेवढ्याच जोराने उलटा विरोध येतो का तेही बघा. आणि एकदा सांगा, हात वर जाऊ देऊ नका, आणि मनगटाखाली एक बोट हलकेच लावून वर ढकला. नको सांगूनही हात बोटाच्या टोकावर तरंगत वर गेला, दिव्याच्या वाकवता येणाऱ्या दांड्यासारखा, तर ते लक्षण.

पुढचं, हात पुढे करायचा आणि त्याच वेळी म्हणायचं, माझ्याशी हात मिळवू नका. हात अर्धवट उठतो, थांबतो, परत जातो, म्हणजे दोन आज्ञांमध्ये पेशंट अडकतो. आपल्याकडे खेड्यातल्या आजीला हात मिळवायची सवयच नसते, त्यामुळे तिचा हात आला नाही यावरून काही ठरवू नका. जीभ बाहेर काढा, मला टाचणी टोचायचीय, असं सांगून बघायची एक जुनी तपासणी आहे, जीभ आज्ञाधारकपणे बाहेर येते. ही करायची असेल तर हातात टाचणी अजिबात नको, आणि झाल्यावर लगेच सांगा की मी टोचणार नव्हतो, फक्त तपासत होतो. त्याला सगळं ऐकू येतंय हे तपासणीभर डोक्यात ठेवा.

डोळे उघडायला गेलं की घट्ट मिटणं, तोंडाजवळ चमचा नेला की दात आवळणं, उठ म्हटलं की आणखी ताठ होणं, हे सगळं विरोधाचं लक्षण आहे. इथेच नवीन माणूस फसतो, कारण हे मुद्दाम केल्यासारखं दिसतं. नाटक करतोय, लक्ष वेधून घेतोय, असं पेशंटच्या कॉटशेजारी बोललं जातं आणि तो ते ऐकत असतो. बरे झालेले कितीतरी पेशंट सांगतात की त्या काळात प्रचंड भीती वाटत होती, आता आपण मरणार असं वाटत होतं, हलायचं होतं पण हलता येत नव्हतं. कोण काय बोललं तेही काहींना शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणून नाटक हा शब्द वॉर्डात बंद करा, मला यावर तडजोड मान्य नाही.

एका तपासणीवर समाधान मानू नका, लक्षणं तासातासाला बदलतात. सकाळच्या राउंडला पुतळा असलेला पेशंट दुपारी दोन घास खातो आणि संध्याकाळी परत थिजतो. त्यामुळे रात्रपाळीच्या सिस्टरची नोंद वाचा, त्यांनाच विचारा, त्या सगळ्यात जास्त वेळ पेशंटसोबत असतात. आणि उसळणारा प्रकार विसरू नका. कारण नसताना तासन्‌तास येरझारा, एकच कृती परत परत, कशानेही न थांबणारा जोर, मधेच एकदम गोठणं, हेही कॅटाटोनियाच असू शकतं आणि यालाच चुकून मॅनिया (बायपोलरमधला अतिउत्साह) म्हणून इंजेक्शनावर इंजेक्शन दिलं जातं.

तिसरं काम: धोका किती आहे ते त्याच दिवशी ठरवा

ताप, नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, शुगर. ओटीपोटावर हात ठेवून मूत्राशय तुंबलंय का बघा. पोटऱ्या बघा, एक पाय सुजलाय का, दुखतोय का. पाठ आणि माकडहाड उघडून बघा, बेडसोर तिथेच सुरू होतो. जीभ कोरडी आहे का बघा.

रक्त-लघवी: सीबीसी, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, लिव्हर, थायरॉईड, बी१२, आणि सीपीके (स्नायूंना किती इजा झालीय हे दाखवणारी तपासणी) न चुकता. सीरम आयर्न करता आलं तर करा, ते कमी असलेल्यांना अँटिसायकोटिकने (हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी) गंभीर रिअॅक्शन यायचा धोका जास्त असतो. ताप असेल तर मलेरिया, टायफॉइड आणि मेंदूज्वराचा विचार. ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद) कुठे मिळत असेल तर जरूर करा, कारण बाहेरून फिट दिसत नाही पण मेंदूत फिट चालूच आहे असे पेशंट हुबेहूब कॅटाटोनियासारखे दिसतात. पहिल्यांदाच असं झालं असेल, न्यूरोची काही खूण असेल, ताप किंवा फिटची हकीकत असेल तर एमआरआय आणि पाठीच्या पाण्याची तपासणी यासाठी मेडिसिनवाल्यांच्या मागे लागा.

तरुण मुलगी, मानसिक आजाराचा काहीही इतिहास नाही, आधी ताप आणि डोकेदुखी, मग विचित्र वागणं, मग फिट, तोंडाच्या चघळल्यासारख्या हालचाली आणि मग थिजणं, असं चित्र असेल तर एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीमुळे होणारा मेंदूचा दाह डोक्यात आलाच पाहिजे. २००७ मध्ये हा आजार नीट ओळखला गेला, काही मुलींमध्ये त्याचं मूळ अंडाशयातल्या गाठीत सापडतं, आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थिजलेला पेशंट आणि त्यात ताप, नाडी जोरात, बीपी वरखाली, घाम, अंग ताठ, हे एकत्र आलं की तो मॅलिग्नंट, म्हणजे जीवघेणा कॅटाटोनिया, आणि आधी अँटिसायकोटिक दिलेलं असेल तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, म्हणजे त्या औषधाचीच जीवघेणी रिअॅक्शन. दोन्हींत फरक करत वेळ घालवू नका, दोन्हींत अँटिसायकोटिक बंद, लोराझेपाम (घबराट आणि झोपेच्या गोळ्यांच्या गटातलं औषध) सुरू, आयसीयूची तयारी, ईसीटीचा (भूल देऊन विजेने झटका आणण्याच्या उपचाराचा) विचार लगेच. यात जीव जातो. सायकियाट्री वॉर्डात आयसीयू नसेल तर रात्री बारा वाजता सुद्धा शिफ्ट करा, सकाळी राउंडला बघू म्हणू नका.

चौथं काम: लोराझेपाम देऊन बघणं

निदान आणि उपचार दोन्ही यातच होतात. आधी स्केलवर स्कोअर लिहून ठेवा. ऑक्सिजन आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी पाहिजे. लोराझेपामचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं असतं, वॉर्डातला फ्रीज बंद पडलाय आणि इंजेक्शन कपाटात आहे असं चालत नाही, ड्युटीला आल्यावर आधी हेच चेक करा. १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून देत असाल तर पातळ करून अगदी सावकाश. म्हातारी माणसं, दम्याचे-सीओपीडीचे पेशंट, झोपेत श्वास अडकणारे, यांना अर्धा ते एक मिलिग्रॅमपासून.

शिरेतून दिलं तर पाच मिनिटांनी, स्नायूत दिलं तर पंधरा मिनिटांनी, तोंडातून दिलं तर अर्ध्या तासाने परत तीच तपासणी, तोच स्कोअर. काही फरक नाही आणि पेशंट गुंगलेलाही नाही, तर दुसरा डोस. स्कोअर निम्मा किंवा त्याहून कमी झाला की चाचणी पॉझिटिव्ह. इंजेक्शनच मिळत नसेल तर गोळी जिभेखाली किंवा नळीतून द्या, आणि लोराझेपामच नसेल तर डायझेपाम, पण काहीतरी द्या.

बदल कसा दिसतो? नेहमी धडाक्यात नाही. आधी पापणी लवते. मग गिळल्याची हालचाल गळ्यावर दिसते. नजर भिंतीवरून सुटून तुमच्याकडे येते. बाळंतपणानंतर थिजलेल्या एका बाईला इंजेक्शन दिल्यावर तिचे डोळे आधी दाराकडे गेले, मग अगदी खरखरीत आवाजात तिने विचारलं, बाळाला कोणी पाजलं? सासूबाई बाहेर उभ्या होत्या, त्या आत येऊन तिच्या पायाशीच बसल्या. अशा वेळी वॉर्डातल्या सगळ्यांचे चेहरे बदलतात आणि ज्या सिस्टरने हे एकदा पाहिलं ती पुढच्या वेळेला स्वतःहून येऊन सांगते की सर, तो पाच नंबर बघा, मला तसंच वाटतंय.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, पहिल्या डोसला फरक पडला नाही म्हणजे कॅटाटोनिया नाही असं होत नाही. दोन, फरक पडला की आनंदाच्या भरात पुढचे डोस राहून जातात. परिणाम काही तासांत उतरतो आणि पेशंट परत थिजतो. म्हणून लगेच नियमित डोस लिहा, दिवसातून तीन-चार वेळा विभागून. ६ ते ८ मिलिग्रॅम रोज इथपासून सुरुवात होते, काहींना १६, कधी २४ पर्यंतही लागतात, आणि श्वास-नाडी बघत दर दिवशी वाढवायचं. दोनशे मिलिग्रॅम दिल्यासारखी भीती घालणारे सहकारी भेटतील, पण कॅटाटोनियाचा पेशंट जो डोस पचवतो त्यात तुम्ही-आम्ही दोन दिवस झोपून राहू. खरी गुंगी आली, श्वास मंदावला तर डोस थांबवायचा, पण नुसते डोळे मिटलेत म्हणून थांबवायचा नाही, हाक मारा, खांद्याला हात लावा, मग ठरवा.

साधारण दहापैकी सहा ते आठ जणांना लोराझेपामचा चांगला उपयोग होतो. वर्षानुवर्षांच्या स्किझोफ्रेनियात मात्र तेवढा होत नाही, हे नातेवाईकांना आधीच सांगून ठेवा.

अँटिसायकोटिकचं काय? कॅटाटोनिया असताना ती थांबवा किंवा सुरू करू नका, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारखी जुनी आणि जोरकस औषधं. सायकोसिस (भास, भ्रम) खूप असेल आणि द्यावंच लागलं तर थिजणं सुटल्यावर, लोराझेपाम चालू ठेवून, कमी डोसमध्ये, सौम्य औषध, रोज ताप आणि अंगाचा ताठपणा बघत. क्लोझापिन बंद केल्यामुळे झालं असेल तर तेच परत सुरू करण्याचा विचार होतो, तो निर्णय सीनियरचा.

पाचवं काम: अंगाची काळजी, यातच जीव वाचतो

औषध काय द्यायचं हे सगळे विचारतात, पाणी किती गेलं हे कोणी विचारत नाही. कॅटाटोनियात माणूस दगावतो तो बऱ्याचदा पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याने, अन्न श्वासनलिकेत गेल्याने, किडनी बंद पडल्याने किंवा बेडसोरच्या इन्फेक्शनने. म्हणून इनटेक-आउटपुट चार्ट खरा भरा, अंदाजे नाही. दर दोन तासांनी कूस बदला. सांधे हलवा, घरच्यांना शिकवा, त्यांनाही काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. चालत नसेल तर गुठळी होऊ नये म्हणून हेपारिनबद्दल मेडिसिनला विचारा. लघवी तुंबली तर कॅथेटर. डोळे उघडे राहत असतील तर ड्रॉप्स, तोंडाची स्वच्छता.

जेवण भरवताना नातेवाईक हमखास चूक करतात, आडवं झोपवून चमच्याने पेज ओततात. गिळत नसेल तर तोंडात काही घालू नका, लोराझेपामच्या डोसनंतर जो मोकळा वेळ मिळतो त्यात बसवून भरवा, आणि ते जमत नसेल तर नाकातून नळी. बरेच दिवस उपाशी असलेल्याला ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन द्या आणि खाणं हळूहळू वाढवा, एकदम भरपूर दिलं तर फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरून हृदय बंद पडू शकतं.

आणि बोला त्याच्याशी. आज कुठला वार आहे, आता सुई टोचतेय, तुमची बायको बाहेर बसलीय, मुलं ठीक आहेत.

सहावं काम: ईसीटीचं नाव काढायला घाबरू नका

दोन-तीन दिवस पुरेशा डोसमध्ये लोराझेपाम देऊन फरक नाही, किंवा खाणं-पिणं पूर्ण बंद आहे, किंवा मॅलिग्नंट प्रकार आहे, तर ईसीटी. यात ८० टक्क्यांहून जास्त पेशंट सुधारतात, लोराझेपामने न सुधारलेलेही. शॉक म्हटलं की नातेवाईकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातली बांधून ठेवलेली माणसं येतात, त्यामुळे नीट समजावा की भूल देतात, स्नायू सैल करतात, पेशंटला काही कळत नाही, अर्ध्या-एक तासात तो जागा होतो, काही दिवस थोडं विसरल्यासारखं होऊ शकतं. मला नेहमी वाटतं की हेही सांगावं, की या उपचाराची सुरुवातच कॅटाटोनियापासून झाली. जानेवारी १९३४ मध्ये बुडापेस्टला मेडुना नावाच्या डॉक्टरने औषधाने झटका आणून पहिला उपचार केला तो वर्षानुवर्षं थिजलेल्या पेशंटवर. वीज वापरणं त्यानंतर १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालं.

कायद्याचं नीट लक्षात ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला मे २०१८ मध्ये. त्याच्या कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता ईसीटी देता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना द्यायची नाही, अगदीच गरज आहे असं सायकियाट्रिस्टचं मत असेल तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी परवानगी, दोन्ही लागतात. आणि कलम ९४ मधले तातडीचे उपचार सांगून ईसीटी करता येत नाही. थिजलेला पेशंट स्वतः संमती देऊ शकत नाही, म्हणून त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, त्याने आधी काही आगाऊ सूचना लिहून ठेवल्यात का, हे अॅडमिशनच्या दिवशीच विचारून कागद तयार ठेवा. ईसीटीची गरज पडल्यावर कागद शोधण्यात दोन दिवस गेले तर ते दोन दिवस पेशंटचे जातात.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा की पेशंट किती दिवस न हलता पडलाय आणि सीपीके किती आहे. बरेच दिवस पडून असलेल्याला सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध दिल्यावर पोटॅशियम एकदम वाढू शकतं. लोराझेपाम चालू असल्याने झटका नीट येत नाही असं होतं, म्हणून सकाळचा डोस पुढे ढकलणं वगैरे त्यांच्याशी बोलून ठरवा, पण स्वतःच्या मनाने लोराझेपाम एकदम बंद करू नका. आठवड्यातून दोन-तीन वेळा देतात, मॅलिग्नंटमध्ये सुरुवातीला रोजही. दोन-तीन वेळेतच पेशंट उठून बसतो आणि घरचे म्हणतात आता बास, पण तिथे थांबलं की परत थिजतो.

बरा झाल्यावर

आता मूळ आजार कुठला ते नीट शोधा, कारण आता पेशंट स्वतः सांगू शकतो. डिप्रेशन असेल तर त्याचे उपचार, बायपोलर असेल तर त्याचे. लोराझेपाम आठवड्या-आठवड्यांनी थोडं थोडं उतरवा, काहींना महिनोन्‌महिने लागतं. उतरवताना बोलणं कमी झालं, जेवायला वेळ लागायला लागला, पापणी लवेनाशी झाली तर मागच्या डोसवर परत या. ही गोळी सवयीची आहे, तेव्हा बंद करा, असं शेजारी किंवा केमिस्ट सांगेल आणि घरचे एका दिवसात बंद करतील, आणि एकदम बंद करण्यानेच कॅटाटोनिया परत येऊ शकतो, हे डिस्चार्जच्या वेळी त्यांच्याकडून दोनदा वदवून घ्या.

पेशंटलाही वेळ द्या. त्या दिवसांत तुला काय वाटत होतं हे विचारा, सांगायचं असेल तर. काहींना लाज वाटते, कपड्यात झालं, नळी घातली, सगळ्यांनी पाहिलं. काहींना आपण वेडे झालो होतो असं वाटत राहतं. त्यांना सांगा की शरीर अडकलं होतं, ते सुटलंय. गावाकडे परत गेल्यावर अडचण आली तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात, पण परत थिजला तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणा.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं मूळ आजाराचं नाव लिहून सोडू नका. ठळक लिहा की कॅटाटोनिया झाला होता, अमुक डोस लोराझेपामला किंवा इतक्या ईसीटींना सुधारला, आणि कुठल्या अँटिसायकोटिकने त्रास झाला असेल तर त्याचं नाव. घरच्यांना सांगा की याचा फोटो काढून दोन-तीन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण पुढच्या वेळेला पेशंट रात्री दोन वाजता दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात जाईल, स्वतः काही बोलू शकणार नाही, आणि तिथल्या डॉक्टरने पहिलं इंजेक्शन भरायच्या आधी हा कागद त्याच्या हातात पडला पाहिजे.